युद्धातून परतलेली मुले : मनाची जखम आणि मदतीचा पैसा

दिवाळी-ख्रिसमसच्या सुमारास घरोघरच्या टपालात मदतनिधींची पत्रे येऊ लागतात. पाकिटावर बहुधा एखाद्या लहान मुलाचा फोटो असतो. देश कधी सुदान, कधी सीरिया, कधी युक्रेन. आपण हळहळतो, चेक लिहितो, पावती टॅक्सच्या फाइलला लावतो आणि आपल्या कामाला लागतो. त्या पैशाचे पुढे काय झाले आणि मुख्य म्हणजे त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपल्याला क्वचितच कळते.

ह्या सदरात एरवी आपण आरोग्य आणि पैसा हे विषय वेगवेगळे हाताळतो. आज दोन्ही एकत्र घेतले आहेत, कारण ह्या प्रश्नात ते एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. युद्धात होरपळलेले, किंवा हातात बंदूक घेऊन प्रत्यक्ष लढलेले मूल पुन्हा माणसांत कसे येते, ह्यावर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बरेच काम झाले आहे. त्याचे सार थोडक्यात असे : युद्धात मुलाने काय भोगले हे महत्त्वाचे आहेच, परंतु परत आल्यावर घर, शाळा आणि गाव त्याच्याशी कसे वागले, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पहिली गोष्ट आता कोणाच्याच हातात नसते. दुसरी मात्र माणसांच्या हातात असते, आणि मदतीचा पैसा तिथेच उपयोगी पडतो किंवा वाया जातो.

हे समजून घेण्यासाठी आपण फार लांब न जाता नेपाळचे उदाहरण घेऊ. नेपाळी भाषा आणि समाज आपल्याला जवळचे असल्याने तिथले बारकावे आपल्याला चटकन कळतील.

मूल-सैनिक कोणाला म्हणायचे?

'मूल-सैनिक' म्हटले की खांद्यावर रायफल घेतलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात व्याख्या बरीच व्यापक आहे. २००७ साली पॅरिस येथे अनेक देशांनी मिळून जी तत्त्वे मान्य केली, त्यांनुसार १८ वर्षांखालील जे मूल कोणत्याही सशस्त्र दलाबरोबर कोणत्याही कामासाठी असेल, ते ह्यात मोडते. स्वयंपाक करणारी, सामान वाहणारी, निरोप्या किंवा हेर म्हणून वापरलेली मुले ह्यात येतात. लैंगिक शोषणासाठी ठेवलेल्या मुलीही येतात. व्याख्या अशी रुंद करण्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. 'ज्याच्याजवळ बंदूक त्यालाच मदत' असा नियम केला की मुली हमखास सुटतात. आफ्रिकेतील सिएरा लिओनमध्ये यादवी युद्ध (१९९१ ते २००२) संपताना ६,८४५ मुलांची अधिकृतपणे सुटका झाली. परंतु बंडखोरांबरोबर असलेल्या कितीतरी मुली त्या यादीत आल्याच नाहीत. त्या मुकाट्याने, मदतीविना, कधी कडेवर मूल घेऊन घरी गेल्या.

नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यातील युद्ध फेब्रुवारी १९९६ मध्ये सुरू झाले आणि २१ नोव्हेंबर २००६ च्या शांतता कराराने संपले. १३ हजारांहून अधिक माणसे मारली गेली. ह्या काळात डोंगराळ भागातील शाळा दोन्ही बाजूंच्या कचाट्यात सापडल्या. कित्येक ठिकाणी माओवादी वर्गच्या वर्ग 'शिबिरा'साठी उचलून नेत. काही मुलांना जबरदस्तीने नेले, काही स्वतःहून गेली. गाणी आणि पथनाट्ये घेऊन येणाऱ्या पथकांचे आकर्षण होते, घरची गरिबी होती, पोलिसांनी घरात कोणाला मारले असल्याचा राग होता. काही मुली तर लहान वयात लग्न होऊ नये, दिवसभर गुरेढोरे आणि चूल यांतच आयुष्य जाऊ नये म्हणून गेल्या. तिथे मुलगा-मुलगी, उच्च-नीच सारे समान, असे त्यांना सांगितले गेले होते.

मुलाच्या मनात नेमके काय होते?

धोका दिसला की आपले शरीर सावध होते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, लक्ष एकाच गोष्टीवर खिळते. धोका टळला की सारे पूर्ववत होते. परंतु जे मूल महिनोन्‌महिने धोक्यातच राहते, त्याच्या शरीरातील ही धोक्याची घंटा बंद व्हायचे विसरते. दार आपटले तरी ते दचकते. रात्री झोप येत नाही, आलीच तर तीच ती दृश्ये पुन्हा दिसतात. ज्या गोष्टींनी आठवण येईल, त्या ते टाळते. काही मुले भडकतात, काही एकदम गप्प होतात. शाळेत लक्ष लागत नाही, आणि शिक्षकांना वाटते की मूल उद्धट तरी आहे किंवा मंद तरी.

वयाप्रमाणे ही लक्षणे बदलतात. चार-पाच वर्षांचे मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, आईला क्षणभरही सोडत नाही, खेळताना तोच तो प्रसंग उभा करते. सात ते बारा वयाची मुले पोट दुखते, डोके दुखते अशी तक्रार करतात, आणि डॉक्टरांना काहीच सापडत नाही. वयात आलेली मुले जिवाची पर्वा न करता काहीतरी करून बसतात किंवा कोणातच मिसळत नाहीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. असे प्रत्येक मूल आयुष्यभराचे मनोरुग्ण होत नाही. बरीच मुले घर, नियमित दिवस आणि शाळा मिळाली की विशेष उपचारांशिवाय हळूहळू सावरतात. 'ही पिढीच वाया गेली' असे वर्तमानपत्री वाक्य आपण सहज बोलून जातो. ते खरे नाही, आणि परतलेल्या मुलांच्या कानावर पडले तर घातकही आहे.

'अयोग्य'

नेपाळमध्ये २००७ च्या वसंतात मानसोपचारतज्ज्ञ ब्रँडन कोर्ट आणि त्यांच्या नेपाळी सहकाऱ्यांनी एक पाहणी केली. माओवाद्यांकडून परतलेली १४१ मुले आणि त्याच वयाची, तशाच परिस्थितीतील पण कधीही सैन्यात न गेलेली १४१ मुले यांची त्यांनी तुलना केली. परतलेल्या मुलांपैकी ५३ टक्के मुलांत नैराश्याची आणि ५५ टक्के मुलांत आघातोत्तर तणावाची ठळक लक्षणे आढळली. न गेलेल्या मुलांत हे प्रमाण बरेच कमी होते. प्रत्येकाने किती हिंसा पाहिली हे हिशेबात धरूनही फरक उरलाच, आणि मुलींच्या बाबतीत तो अधिक होता. म्हणजे केवळ 'युद्ध पाहिले' एवढे कारण पुरेसे नव्हते. मग आणखी काय घडले होते?

उत्तर घरी परतण्यात होते. ज्या गावातून मूल गेले, तिथल्या लोकांची माओवाद्यांनी मारझोड केलेली असे, त्यांच्याकडून खंडणी घेतलेली असे. साहजिकच परतलेल्या मुलाकडे लोक भीतीने आणि रागाने पाहत. मुलींची स्थिती तर 'इकडे आड, तिकडे विहीर' अशी झाली. घराबाहेर, परक्या पुरुषांबरोबर राहिलेली मुलगी 'बिघडलेली' असणारच, हे गावाने गृहीत धरले. तिचे लग्न कसे जमायचे, ह्या काळजीने काही आईबापांनी घाईघाईने तिला उजवून टाकले. दलात असताना सभेत भाषणे केलेली, तुकडी सांभाळलेली मुलगी सासरी डोक्यावर पदर घेऊन गप्प बसू लागली. जिथे सनातनी चालीरीतींचा पगडा जास्त आणि स्त्रियांचे शिक्षण कमी, तिथे मुलींचे परतणे अधिक अवघड झाले. ह्यात आपल्यालाही अनोळखी वाटावे असे काही नाही.

सरकारी पातळीवर आणखी एक गोष्ट घडली. शांतता करारानंतर माओवादी सैनिकांना ठिकठिकाणच्या छावण्यांत ठेवले गेले आणि संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांची पडताळणी केली. त्यात ४,००८ जण नियमात न बसणारे ठरले. त्यांपैकी २,९७३ जण २५ मे २००६ च्या युद्धबंदीच्या वेळी १८ वर्षांखालील होते, उरलेले त्या तारखेनंतर भरती झालेले होते. पडताळणी २००७ मध्ये झाली. ह्या मुलांना सोडले ते २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत. पौगंडावस्थेतील ही वर्षे छावणीत गेली, आणि बाहेर पडताना त्यांच्या नावापुढे शब्द लागला 'अयोग्य'.

हा शब्द आपल्याला भाषांतर करून समजून घ्यावा लागत नाही. फायलीत त्याचा अर्थ एवढाच होता की ही व्यक्ती सैनिक म्हणून धरता येत नाही, कारण ती भरतीच्या वेळी मूल होती. म्हणजे अन्याय झाला होता मुलावर. पण गावात आणि घरात त्या शब्दाचा अर्थ एकच निघाला : हा कशाच्याच लायकीचा नाही. सरकारनेही टाकला, पक्षानेही टाकला. ह्या तरुणांनी त्या शब्दाविरुद्ध पुढे अनेकदा आवाज उठवला. ज्यांना मदत करायची त्यांना आपण काय नावाने हाक मारतो, हाही उपचाराचाच भाग आहे, हे ह्यावरून लक्षात यावे.

मन आणि दिमाग

ह्याच्या उलट, योग्य शब्दाने दार कसे उघडते ह्याचाही धडा नेपाळनेच दिला. नेपाळी माणूस 'मन' आणि 'दिमाग' यांत फरक करतो. भावना, आठवणी, दुःख हे मनाचे; विचार आणि वागण्यावरचा ताबा हे दिमागाचे. 'दिमाग बिघडला' म्हणजे माणूस वेडा झाला, घराण्याची इज्जत गेली. 'मन दुखले' हे मात्र कोणीही उघडपणे सांगू शकतो. आपल्याकडेही 'मनाला लागले' आणि 'डोके फिरले' यांत हाच फरक नाही का? म्हणून तिथल्या सल्लागारांनी मानसिक रोगाची भाषा न करता मनाच्या दुखण्याची भाषा वापरली. २००५ साली स्थापन झालेल्या टीपीओ नेपाळसारख्या संस्थांनी स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन गावपातळीवर असे समुपदेशक तयार केले. शहरातील मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला जे कुटुंब कधीही तयार झाले नसते, ते ह्या ओळखीच्या ताईशी बोलायला तयार झाले.

उपाय : पायापासून कळसापर्यंत

२००७ साली आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी मिळून मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्यांत मदतीची रचना एखाद्या देवळासारखी, खाली रुंद आणि वर निमुळती दाखवली आहे.

१) सर्वात खालचा थर सर्वांसाठी : सुरक्षितता, अन्न, निवारा, औषधपाणी. ज्या मुलाला पुन्हा पकडून नेण्याची भीती आहे, त्याच्यावर कोणताही मानसोपचार चालत नाही.

२) दुसरा थर कुटुंब आणि समाजाचा : हरवलेल्या आईबापांचा शोध, घरी पोचवणे, शाळा पुन्हा सुरू करणे, खेळ, गाणी, सणवार.

३) तिसरा थर काही मुलांसाठी : प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा आधार, समवयस्कांचे गट, शिक्षकांची मदत.

४) कळस थोड्यांसाठी : ज्यांची लक्षणे महिनोन्‌महिने टिकून आहेत किंवा जे जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारात आहेत, त्यांना तज्ज्ञांचे उपचार.

कळसावरचे उपचारही आता पूर्वीसारखे दुर्मिळ राहिलेले नाहीत. 'कथनोपचार' म्हणता येईल अशा एका पद्धतीत मूल जमिनीवर एक दोरी अंथरते. ती दोरी म्हणजे त्याचे आयुष्य. चांगल्या प्रसंगाच्या जागी फूल ठेवायचे, वाईट प्रसंगाच्या जागी दगड. मग सल्लागाराच्या सोबतीने पहिल्यापासून क्रमाने सारी कथा सांगायची. एरवी तुकड्यातुकड्यांनी अंगावर येणारी आठवण अशा रीतीने 'तेव्हा घडलेली, आता संपलेली' गोष्ट बनते. उत्तर युगांडामध्ये ८५ माजी मूल-सैनिकांवर ही पद्धत वापरून झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नुसत्या शिकवणीपेक्षा ह्या उपचाराचा तणावाच्या लक्षणांवर स्पष्ट अधिक गुण आला. विशेष म्हणजे उपचार करणारे डॉक्टर नव्हते. तिथलेच, शिकवून तयार केलेले लोक होते.

काय करू नये, हेही आता कळले आहे. आघातानंतर लगेच मुलाला एकदाच बसवून 'सगळे सांगून टाक' असे करण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. जागतिक आरोग्य संघटना ती करू नये असे सांगते. त्याचप्रमाणे झोप लागावी म्हणून मुलांना शामक गोळ्या देऊ नयेत, असाही तिचा सल्ला आहे.

देवधर्म आणि विधी यांचे काय? मोझांबिकमध्ये परतलेल्या मुलांसाठी गावातील वैदू शुद्धीचा विधी करीत, आणि त्यामुळे मूल आणि गाव दोघांनाही 'मागचे मागे राहिले' असे वाटण्यास मदत झाली. मात्र असा विधी दुधारी असू शकतो. मुलीची 'शुद्धी' करायची म्हणजे ती अशुद्ध होती असे मान्य करणे. विधी स्वागताचा असेल तर उत्तम, डाग पुसण्याचा असेल तर दहादा विचार करावा.

पैसा कोणाच्या हाती द्यावा?

आता हिशेबाकडे वळू. तीन देशांनी तीन वाटा धरल्या.

लायबेरियात २००३ मध्ये युद्ध संपल्यावर शस्त्र खाली ठेवणाऱ्याला ३०० डॉलर दोन हप्त्यांत मिळत, आणि ही रोख रक्कम मुलांनाही दिली गेली. परिणाम काय झाला? काही ठिकाणी जुने कमांडर मुलांकडून आपला वाटा वसूल करू लागले. ज्यांच्या तावडीतून मुलाला सोडवायचे, त्यांच्याशीच पैशाने ते पुन्हा बांधले गेले. शिवाय युद्धात न गेलेल्या, तितक्याच गरीब शेजाऱ्याच्या मुलाला काहीच नाही, हेही लोकांना खुपले.

सिएरा लिओनमध्ये मुलांच्या हाती रोख पैसे दिले नाहीत. त्यांना आधी तात्पुरत्या निवारा केंद्रांत ठेवून, कुटुंब शोधून, घरी पोचवले. युनिसेफच्या योजनेनुसार जी शाळा अशा मुलांना दाखल करून घेई, त्या शाळेला शैक्षणिक व खेळाचे साहित्य मिळे आणि ते सर्व विद्यार्थ्यांना वापरता येई. म्हणजे परतलेले मूल वर्गात आले की सगळ्यांच्याच हाती नवी वही, नवा चेंडू! 'हा का आला?' असे म्हणणाऱ्या गावाला 'हा आला ते बरे झाले' असे म्हणायला एक कारण मिळाले. रक्कम मोठी नव्हती, पण ती मुलाला वेगळे न काढता इतरांत मिसळवणारी होती.

नेपाळमध्ये 'अयोग्य' ठरलेल्यांना धंदेशिक्षण, छोटा व्यवसाय, आरोग्यसेवेचे प्रशिक्षण किंवा शालेय शिक्षण यांपैकी एक निवडता येत होते. योजना कागदावर वाईट नव्हती. परंतु २०१२ मध्ये 'योग्य' ठरलेल्या ज्या सैनिकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यांना ५ ते ८ लाख नेपाळी रुपये रोख मिळाले. लहानपणीच भरती झालेल्यांना असे काही मिळाले नाही. एकाच छावणीत राहिलेल्या दोघांत ही दरी पडली. त्यांतील काहींनी पुढे भरपाईसाठी आंदोलने केली, आणि त्यांची तक्रार केवळ पैशाची नव्हती हे वरील विवेचनावरून लक्षात येईल.

पंधरा-वीस वर्षांनंतर

हा सारा खटाटोप सफळ होतो का? मोझांबिकमध्ये १९८८ साली मापुटो शहरातील लान्गेन केंद्रात बंडखोरांकडून सुटलेले ३९ मुलगे ठेवले होते. त्यांतील सर्वात लहान सहा वर्षांचा होता. संशोधक नील बूथबी आणि सहकाऱ्यांनी पुढे सोळा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. बहुतेक जण कामधंद्याला लागले, संसार केले, मुलांना शाळेत घातले. काही थोडे मात्र सावरले नाहीत; ज्यांचे दलात वर्षाहून अधिक काळ गेले, त्यांना अधिक जड गेले. सावरलेल्यांनाही आठवणी सोडून गेल्या नाहीत. आठवण आली की काय करायचे हे मात्र त्यांना कळले होते. कोणी कामात जीव रमवी, कोणी बायकोशी बोले.

सिएरा लिओनमध्ये थेरेसा बेटनकोर्ट यांनी २००२ पासून पाचशेहून अधिक मुलांचा असाच अभ्यास चालवला आणि ती मुले स्वतः आईबाप होईपर्यंत पाठपुरावा केला. निष्कर्ष तोच निघाला. ज्यांना कोणाला मारावे लागले, ज्यांच्यावर बलात्कार झाला, त्यांचे हाल अधिक. पण ज्यांना घरच्यांनी आणि गावाने स्वीकारले, ज्यांची शाळा टिकली, ती मुले जड भूतकाळ असूनही वर आली. ज्यांच्यावरचा शिक्का पुसला गेला नाही, ती मागे पडली.

आपल्या शेजारी

हे सारे दूरदेशीचे वाटेल, पण तसे नाही. अमेरिकेने २००८ पासून ८० हजारांहून अधिक नेपाळीभाषक भूतानी निर्वासितांना आसरा दिला. कोलंबस, पिट्सबर्ग, हॅरिसबर्ग या भागांत त्यांची मोठी वस्ती आहे, आणि आपल्या इंडियन ग्रोसरीच्या रांगेत ती मंडळी आपल्यामागे उभी असतात. ऑगस्ट २०२१ नंतर हजारो अफगाण कुटुंबे आली, २०२२ नंतर युक्रेनची आली. २०२५ पासून निर्वासितांचे प्रवेश फार आक्रसले असले, तरी आलेली कुटुंबे आपल्या मुलांच्याच शाळांत आहेत. अनेक अफगाणांना सिनेमांमुळे हिंदी समजते. आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी साध्याच आहेत :

• मुलाला युद्धाबद्दल खोदून विचारू नका. ते आपणहून बोलले तर हातातले काम ठेवून ऐका. 'विसरून जा', 'तू नशीबवान, वाचलास' ही वाक्ये टाळा.

• ४ जुलै आणि दिवाळी यांच्या फटाक्यांची शेजारच्या घरी आधी कल्पना द्या. कोणत्या वेळी, किती वेळ हे सांगितले तरी मुलाची निम्मी भीती कमी होते.

• ठरलेली वेळ पाळा. दर शनिवारी दहा वाजता गणित शिकवायचे म्हटले की दहालाच जा. ज्याच्या आयुष्यात काहीच ठरलेले राहिले नाही, त्याला आपले वेळेवर येणे हेच औषध असते.

• मुलाला काहीतरी काम द्या. गणपतीच्या आरासीत, क्रिकेटच्या संघात. सतत मदत घेणाऱ्याला आपणही कोणाच्या उपयोगी पडतो हे कळले पाहिजे.

• कुटुंबाच्या कागदपत्रांची चौकशी करू नका. आजकाल हा प्रश्न ऐकूनच काहींच्या पोटात गोळा येतो.

• आपल्या मुलांना आधी सांगून ठेवा की नव्या मित्राला 'तू कोणाला मारलेस का?' असे विचारायचे नाही.

• झोप, भूक, अभ्यास यांची घडी महिनाभरानंतरही बसली नाही, तर शाळेच्या कौन्सेलरशी आणि मुलांच्या डॉक्टरांशी बोलण्यास आईवडिलांना मदत करा. जिवाला धोका वाटल्यास ९८८ ह्या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो. दुभाषी म्हणून मुलालाच बसवू नका. दवाखान्यात दुभाष्याची मागणी करा.

चेक लिहिण्यापूर्वी

२०२५ मध्ये अमेरिकन सरकारची परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर बंद झाली. त्यामुळे खाजगी देणग्यांचे मोल वाढले आहे आणि त्या डोळसपणे देण्याची जबाबदारीही.

पहिला प्रश्न विचारा : हा पैसा मुलाला घरी नेतो की घरापासून दूर ठेवतो? अनाथाश्रमाला देणगी देणे आपल्याला पुण्याचे वाटते. परंतु नेपाळच्याच युद्धात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतील आईबापांनी, मुले युद्धापासून वाचावीत आणि शिकावीत म्हणून, दलालांना पैसे देऊन ती काठमांडूला पाठवली. तिथे खोटे कागद करून ह्या मुलांना 'अनाथ' ठरवले गेले आणि परदेशी पाहुण्यांपुढे उभे केले गेले. नेपाळमधील आश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे पुढे आढळून आले. देणगीदारांचा हेतू चांगला होता, पण त्या पैशानेच आश्रमात मुले आणण्याचा धंदा फोफावला. म्हणून कुटुंबाचा शोध, नातेवाईकांकडे सांभाळ, स्थानिक शाळा आणि स्थानिक समुपदेशकांचे प्रशिक्षण ह्यांवर खर्च करणाऱ्या संस्थांना प्राधान्य द्यावे.

दुसरा प्रश्न : काम किती वर्षांचे? पहिले सहा महिने टीव्हीचे कॅमेरे असतात, पैसाही असतो. मुलाला गरज लागते ती पाच-सात वर्षे. एकदम दिलेल्या ६०० डॉलरपेक्षा पाच वर्षे दरमहा दिलेले १० डॉलर संस्थेला अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांच्या भरवशावर तिला शिक्षक नेमता येतो.

तिसरा प्रश्न : मुलांचे फोटो आणि नावे जाहिरातीत वापरली आहेत का? 'माजी मूल-सैनिक' म्हणून ज्याचा चेहरा छापला, त्याचा तो शिक्का पुसायचा कधी? जी संस्था मुलांची ओळख झाकते, ती बहुधा कामही जबाबदारीने करते.

शेवटी टॅक्सबाबत : परदेशातील संस्थेला थेट पाठवलेल्या पैशावर सामान्यतः सवलत मिळत नाही, अमेरिकेत नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत दिल्यास मिळू शकते. अशा बहुतेक संस्थांचा फॉर्म ९९० कोणालाही पाहता येतो. तो एकदा नजरेखालून घालावा. नोकरीच्या ठिकाणी मॅचिंगची सोय असेल तर तीही सोडू नये.

मंडळाच्या वार्षिक निधीतून दरवर्षी वेगळ्या कामाला थोडी थोडी मदत करण्याची आपली प्रथा आहे. त्याऐवजी एखादे असे काम निवडून सलग पाच वर्षे त्याला धरून राहता येईल का, आणि दर शनिवारी दोन तास देणारी पाच घरे आपल्यात निघतील का, ह्याचा विचार पुढच्या सर्वसाधारण सभेपूर्वी जरूर व्हावा. परतलेल्या मुलाला औषध लागते, शाळा लागते, पैसाही लागतो. पण सर्वात आधी 'ये, बैस' म्हणणारे कोणीतरी लागते.